कृष्णाकाठी तिवरं लावून कार्बन विकायचा म्हणे!

सांगलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कांदळवनाचं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातल्या जंगलाचं, एक झाड साध्या झाडाच्या पाचपट कार्बन साठवतं, बुंध्याचा घेर मोजला की हिशेब लागतो, तेव्हा नदीकाठच्या मळीच्या रानात तिवरं, म्हणजे त्याच जंगलातली झाडं, लावा आणि कार्बन क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या कार्बनबद्दल विकता येणारं प्रमाणपत्र, घ्या. आमच्या तात्यांनी तो मला तीनदा पाठवला, म्हणून हे उत्तर.

'पाचपट' ही तुलना झाडाझाडाची नाहीच, हेक्टराची आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या इंडो-पॅसिफिक भागातल्या मोजणीत कांदळवनात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला. त्यातला ४९ ते ९८ टक्के जमिनीत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या गाळात. रोप लावलं म्हणून तो गाळ येत नाही.

मग घेर मोजून काय कळणार? फक्त वरचा हिस्सा. कांदळ या जातीला तर आधारमुळं इतक्या वर फुटतात की टेप त्यांच्याही वर लावावी लागते. गाळाचं काम निराळं. दाभोळच्या खाडीत ते एकदा बघितलंय. ओहोटी लागली की अर्ध्या नळीसारखा ऑगर, म्हणजे माती उपसायचं हत्यार, दाबत मीटरभर खाली न्यायचा, फिरवायचा, उपसायचा. काळाभोर चिखल, नासक्या अंड्याचा वास. सुरीने मोजून तुकडे पाडायचे, वाळवून वजन करायचं. घनता कळल्याशिवाय कार्बनची नुसती टक्केवारी काही कामाची नाही. शिंपल्यांचा चुरा आम्लाने घालवायचा, नाहीतर त्याचाही कार्बन गणतीत घुसतो. मेसेज लिहिणाऱ्याची चप्पल तरी कधी चिखलात रुतली असेल का?

क्रेडिट मिळतं ते कार्बन डायऑक्साइडच्या टनावर. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. मेसेजात दोन्ही एकच.

'खारं पाणी नाही, झाडं मरतील,' असं ग्रुपवर कुणी म्हणालं. तेही अर्धंच खरं. काही जाती गोड्या पाण्यात तगतात. पण खाडीत भरतीमुळे चिखल सदा भिजलेला राहतो, आत हवा जात नाही, कुजणं मंदावतं, म्हणून कार्बन साठून राहतो, आणि खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेन हा हवा तापवणारा वायूही कमी बनतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली भरती येत नाही, पूर येतो. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मळीवर गाळ टाकतो तोच पूर, आणि खरवडून नेतो तोही तोच.

गंमत म्हणजे साताऱ्याचं पाणी कांदळवनापर्यंत पोचतंच. कोयनेचं पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं, पुढे दाभोळ. महाबळेश्वरची सावित्री बाणकोटला जाते. आपली कृष्णा मात्र समुद्राला मिळते थेट आंध्रात, हंसलादीवीला, आणि तिच्या मुखाशी कांदळवन आहे.

इथल्या काठाला वाळुंज, करंज, उंबर लावा, असं तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वाळुंजाचे पैसे देतंय का कोण?"