न पटणं हे कारण कायद्यात हवंच, पण कलमांच्या बागेचं काय?

'पटत नाही' एवढ्या कारणावर घटस्फोट मिळावा का, हा विषय निघाला की कोकणात हमखास ऐकू येतं: ही तिकडची थेरं, इथली घरं मोडतील. तिकडे म्हणजे मी सध्या आहे त्या इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कुणालाच दोष द्यावा लागत नाही. लग्नाला वर्ष झालं की एकट्यालाही अर्ज करता येतो. २० आठवड्यांनी सशर्त आदेश, पुढे ६ आठवड्यांनी अंतिम. विचार बदलायला वेळ मिळतो आणि चिखलफेक टळते.

आपल्या हिंदू विवाह कायद्यात दोघं राजी असतील तर कलम १३-ब आहे. वर्षभर वेगळं राहून अर्ज, मग सहा महिने थांबायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून ही मुदत माफ होऊ शकते. पण एकाने नाही म्हटलं की क्रूरता सिद्ध करत बसायचं. मग सासूचे टोमणे, आमटीतलं मीठ, सगळं अर्जात उतरतं आणि मालवण-वेंगुर्ल्यात साक्षीदार म्हणून शेजारीच उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १ मे २०२३ ला आपल्या खास अधिकारात, एकाचा नकार असला तरी, पुरतं मोडलेलं लग्न संपवता येतं, असं सांगितलं. त्यासाठी कुडाळच्या बाईने दिल्ली गाठायची?

परदेशी गेलेल्यांचा घोळ आणखी वेगळा. गावी लग्न लागलेलं असताना इथून एकतर्फी हुकूम घेतला, बायको त्या दाव्यात आलीच नाही, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानुसार भारतात तो टिकत नाही, कारण 'पटत नाही' हे कारणच आपल्या कायद्यात नाही. त्या भरवशावर दुसरं लग्न केलं की द्विभार्येचा गुन्हा.

म्हणून हे कारण कायद्यात यावं, असं मला ठामपणे वाटतं. पण इंग्लंडचं कोर्ट घर, पेन्शन, बचत, कुणाच्याही नावावर असो, हिशेबात धरतं. आपल्याकडे बाईने वीस वर्षं हापूसची राखण केली, पेट्या भरल्या, तरी सातबारा सासऱ्याच्या नावे; तिच्या वाट्याला पोटगी. बाग नवऱ्याच्या नावावर असेल तर कलम २५ खाली पोटगीचा बोजा त्या बागेवर ठेवता येतो. तो वकिलाकडून अर्जातच मागून घ्या आणि हुकूम होताच तलाठ्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करा, नाहीतर बाग परस्पर विकली जाते. सासऱ्याच्या नावावर असेल तर तेही नाही.

हेच कारण कायद्यात आणू पाहणाऱ्या २०१० च्या विधेयकात तीन वर्षं वेगळं राहण्याची अट होती आणि आर्थिक हाल होणार असतील तर बायकोला विरोधाचा हक्क होता. २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं, पुढे ते बारगळलं. तेच पुन्हा आणा, आणि बाईच्या कष्टाचा वाटा त्यात स्पष्ट लिहा.