प्लग लावलाय का?

काल रात्री सव्वाबारा वाजता मी टेबलाखाली पालथा पडलो होतो. तोंडात टॉर्च, नाकात धूळ आणि डोक्याशी दाजी उभे. चार टीबीची नवी हार्डडिस्क कॅबिनेटमध्ये बसवून तीन तास झाले होते आणि स्क्रीनवर अजून तीच जुनी सी, तीच जुनी डी.

"प्लग लावलायस ना?" दाजींनी विचारलं. तिसऱ्यांदा.

लावला होता हो! पॉवरची रुंद पंधरा पिनांची लावली, डेटाची अरुंद सात पिनांची लावली, केबल बदलली, पोर्ट बदलला. कान लावला तर आत घरघर चालू. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बाईसाहेब मॉडेल नंबरासकट हजर. फक्त विंडोजच्या गावीही नव्हतं.

"पण सुरुवात सीपासून का?" वरून आवाज आला. "ए आणि बी कुठे गेल्या? तुझी नवी तिकडे तर नाही ना बसली?"

हा काही टेबलाखालून उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हे. तरी टॉर्च तोंडातून काढून सांगितलं, की ती अक्षरं फ्लॉपीची, म्हणजे कॉम्प्युटरात सरकवायच्या जुन्या चपट्या डिस्कची. आधी फ्लॉप्याच असायच्या, हार्डडिस्क मागून आली, म्हणून तिच्या वाट्याला सी.

"तुझ्याकडे आहे फ्लॉपी?"

"नाही."

"मग कुणाकडे आहे?"

"आता कुणाकडेच नसते, दाजी."

"मग रुमाल कुणासाठी टाकून ठेवलाय?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आहे.

1956 साली आयबीएमची पहिली हार्डडिस्क आली, ती कपाटाएवढी होती. वजन टनाच्या घरात, आत मावायचं जेमतेम पावणेचार एमबी. पण दिसत तरी असेल!

शेवटी ती सापडली विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट' नावाच्या खिडकीत. खाली कोपऱ्यात, काळ्या पट्टीखाली, 'नॉट इनिशिअलाइज्ड' अशी पाटी गळ्यात घालून. कोरी डिस्क आधी इनिशिअलाइज करायची, म्हणजे वापरायला तयार करायची, त्यात जागेच्या आखणीची जीपीटी ही पद्धत निवडायची (जुन्या एमबीआर पद्धतीची धाव दोन टीबीपर्यंतच), मग व्हॉल्यूम, म्हणजे कप्पा, करून फॉरमॅट मारायचा, तिला अक्षर द्यायचं. तेव्हा कुठे ती दिसणार. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. खोक्यात वॉरंटीचा कागद होता, पाच-सहा भाषांत, मुंगीच्या अक्षरांत. डिस्क पाण्यात बुडवू नका, हेही होतं त्यात. 'आधी इनिशिअलाइज करा' ही एक ओळ छापायला काय शाई संपली होती? माणसाचे तीन तास जातात, वर आपणच ढ ठरतो.

ई उमटली. मी टेबलाखालून बाहेर आलो. दाजी स्क्रीनला नाक लावून बघत होते.

"तीन पूर्णांक त्रेसष्ट? चार म्हणाला होतास ना?"

कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज एक हजार चोवीसच्या, असं मी सुरू केलं. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फसवल्या गेलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

सकाळी ताईचा फोन. "लागली का रे ती डिस्क? हे सांगत होते, प्लगच सैल होता म्हणे."