पाच मते आणि एक अंगठा

दिवाळीच्या सुटीत घरातली माणसे एकत्र बसून काहीतरी करतील, अशी आशा मी दरवर्षी बाळगतो, आणि दरवर्षी ती माणसे एकत्र बसून आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालतात. यंदा मात्र मी पूर्वतयारी केली होती. ‘ओव्हरकुक्ड’ नावाचा व्हिडिओ गेम सवलतीत मिळत होता, तो मी ‘स्टीम’ या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतला. फिल डंकन आणि ऑली डी-व्हाइन या दोघांच्या इवल्याशा ब्रिटिश कंपनीने तो २०१६ साली आणला आणि पुढच्याच वर्षी ‘बाफ्टा’ या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीने त्याला सर्वोत्तम ब्रिटिश खेळ व सर्वोत्तम कौटुंबिक खेळ असे दोन पुरस्कार दिले. मी यातला ‘कौटुंबिक’ हा शब्द वाचून पैसे भरले. ‘ब्रिटिश’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यायला हवे होते, हे मागाहून लक्षात आले.

खेळ सांगायला सोपा आहे. चार स्वयंपाकी एका भटारखान्यात धावत असतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी लोंबत असतात. कांद्याचे सूप हवे असेल तर तीन कांदे आणावेत, चिरावेत, पातेल्यात टाकावेत, शिजल्यावर ताटलीत ओतून खिडकीवर ठेवावेत आणि उष्टी ताटली परत आली की ती घासावी. पातेले वेळेवर उतरवले नाही तर ते पेट घेते. फेरीच्या शेवटी गुणांनुसार जास्तीत जास्त तीन तारे मिळतात. हे सारे मोजक्या मिनिटांत, एकाच सोफ्यावर दाटीवाटीने बसून करायचे असते. या पहिल्या भागात इंटरनेटवरून खेळण्याची सोय निर्मात्यांनी ठेवलेलीच नाही, त्यामुळे ज्याच्यावर ओरडायचे तो माणूस सदैव हाताच्या अंतरावर असतो.

आमच्याकडे जॉयस्टिक दोन आणि खेळाडू चार होते: मी, माझी पत्नी, आमचे चिरंजीव आणि भाऊबिजेला आलेला माझा मेहुणा. त्यावरही निर्मात्यांनी तोड काढून ठेवली आहे. एकच जॉयस्टिक दोघांत वाटून घेता येते. डावी दांडी आणि डावीकडची बटणे एकाची, उजवीकडची दुसऱ्याची. कल्पना काटकसरीची असल्यामुळे मला ती फार आवडली. मात्र एकाच जॉयस्टिकला धरून बसलेले दोन प्रौढ पुरुष कसे दिसतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मेहुण्याचा डावा पंजा, माझा उजवा पंजा, मध्ये ते काळे प्लास्टिक, आणि तो कांदा उचलायला डावीकडे झुकला की मीही त्याच्या खांद्यावर झुकतो. आईने हे दृश्य चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि, “तुमच्या लग्नात असं सुपारी सोडायला बसवलं होतं, तेव्हा तू एवढा हसला नव्हतास,” असे ती मला म्हणाली.

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या की चौथ्या फेरीला भटारखाना एका जहाजावर आला आणि लाटेबरोबर त्यातले ओटेच इकडून तिकडे सरकू लागले. पुढे तर तो शेजारी-शेजारी धावणाऱ्या ट्रकांवर पोहोचला. घासलेल्या ताटल्या घेऊन मी एका ट्रकवर, गिऱ्हाइकाची खिडकी दुसऱ्या ट्रकवर, आणि दोन्ही ट्रक एकमेकांपासून दूर जात होते. “अहो, ताटल्या!” असे पत्नी ओरडत होती. हे वाक्य मी आमच्या घरात बावीस वर्षे ऐकत आलो आहे, पण तिच्या आणि माझ्या मध्ये याआधी कधी महामार्ग नव्हता.

एक तास पन्नास मिनिटांनी चिरंजिवांनी खेळ थांबवला आणि या खेळाबद्दल अभिप्राय द्यायचा आहे, असे जाहीर केले. इथून खरी परीक्षा सुरू झाली. स्टीमवर अभिप्रायाला तारे नसतात, दहापैकी गुणही नसतात. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढेच विचारले जाते, आणि एका खात्यावरून एका खेळाला एकच अभिप्राय देता येतो. खाते माझे होते. मते पाच होती, कारण न खेळणाऱ्या आईचे मत सर्वांत आधी तयार झाले होते.

आईने दोन तास हा भटारखाना एका सुगरणीच्या नजरेने पाहिला होता. सूप म्हणून जे काही चालले आहे त्याला फोडणी नाही, मीठ नाही, कांदा धुतल्याचे तर कोणी पाहिलेलेच नाही, हे तिचे प्राथमिक आक्षेप. मुख्य आक्षेप निराळा होता. “आग लागली की सगळे बंब घेऊन पळता. गॅस का नाही बंद करत कोणी?” या प्रश्नावर आम्ही चौघेही गप्प झालो, कारण त्या खेळात शेगडी बंद करताच येत नाही. स्वयंपाक्यांमध्ये चाकांच्या खुर्चीत बसलेला एक रकून आहे. तेवढा एक प्राणी तिला मनापासून पसंत पडला. “तोच काय तो बिचारा मुकाट्याने काम करतो,” असे तिचे निरीक्षण होते. तो चिरंजिवांचा खेळाडू असल्यामुळे मुकाट्याने या शब्दाबद्दल मला शंका होती, पण मी ती बोलून दाखवली नाही.

मेहुण्याचे मत तांत्रिक होते. पराभवानंतर त्याचे प्रत्येक मत तांत्रिक असते. टीव्ही चित्र सुधारून दाखवण्यात वेळ घालवतो, म्हणून बटण दाबल्यापासून कांदा चिरला जाईपर्यंत उशीर होतो, यासाठी टीव्हीवर ‘गेम मोड’ लावायला हवा, असे त्याने सांगितले. हे खरेच आहे. त्याने तो मधल्या वेळात लावलाही होता आणि त्यानंतर त्याची पातेली विनाविलंब पेटू लागली होती.

पत्नीला खेळ अतिशय आवडला. कारण विचारल्यावर ती म्हणाली, “कोण काय करतं ते यात सगळ्यांना दिसतं.” हे वाक्य तिने माझ्याकडे न बघता उच्चारले, त्यामुळे त्याचा रोख माझ्याकडे आहे हे सर्वांना कळले. आता माझी बाजू मांडतो. दोन तास मी एकट्याने ताटल्या घासल्या, कारण चिरताना मी कांदे चुकीच्या ठिकाणी ठेवतो, असा ठराव पहिल्या फेरीतच तिघांनी केला होता. आणि या खेळात गुण मिळतात ते फक्त ताटली खिडकीवर पोहोचवणाऱ्याच्या पराक्रमाला. घासणाऱ्याच्या नावावर काहीही जमा होत नाही. हा घोर अन्याय मी अभिप्रायात लिहिणारच, असे मी ठणकावले. त्यावर पत्नीने फक्त “बरं,” म्हटले. त्या एका शब्दात इतकी वर्षे इतक्या अदबीने मावली होती, की मी तो मुद्दा मसुद्यातून काढून टाकला.

मग मी शेवटचे अस्त्र काढले. खरेदीला चौदा दिवस झालेले नसतील आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. आम्ही एक तास पन्नास मिनिटे खेळलो होतो. वाद नको, खेळच परत करू, असा तोडगा मी सुचवला आणि त्यावर बाजूने आणि विरोधात सविस्तर चर्चा झाली. मेहुण्याने टीव्ही बदलण्याचा पर्यायही मांडला. अखेर तीन विरुद्ध दोन मतांनी परत करण्याचे ठरले, तेव्हा चिरंजिवांनी लॅपटॉपवर पाहून शांतपणे सांगितले, “बाबा, दोन तास सव्वीस मिनिटं.” पडद्यावर खेळ थांबवलेला होता, पण तो बंद कोणीच केला नव्हता. छत्तीस मिनिटे आम्ही सोफ्यावर भांडत होतो आणि स्टीमच्या लेखी ते छत्तीस मिनिटे खेळणेच होते.

“मग आता आणखी एक फेरी घ्या,” आई म्हणाली. “आणि मला तो खुर्चीतला द्या.”

सोफ्यावर आणि पडद्यावर जागा चारच होत्या. मतदान झाले नाही. तिघांनी माझ्याकडे पाहिले आणि पत्नीने हाताने आतली दिशा दाखवली, जिथे फराळाच्या बशा दुपारपासून मोरीत पडून होत्या. मी त्या घासत असताना बाहेरून आरडाओरडा, मग टाळ्या आणि मग बराच वेळ हसणे ऐकू आले. हात पुसून परत येईपर्यंत माझ्या खात्यावरून अभिप्राय गेलेला होता. अंगठा वर होता, आणि खाली चिरंजिवांनी एवढेच लिहिले होते: “खेळ उत्तम आहे. बाबांना आत पाठवल्यावर तिसरा तारा मिळाला.”