गप्प पक्षी सुखी असतोच असे नाही
पक्ष्याला वेदना होत असल्या तर तो ओरडतो, हे पक्ष्यांच्या वेदनांवरील एका लेखातील विधान मला पटले नाही. बहुतेक पक्षी निसर्गात कोणाचे तरी भक्ष्य असल्यामुळे दुखणे लपवतात, आणि अनोळखी माणूस समोर आला की आजारी पोपटही क्षणभर ताठ बसतो. म्हणून निरीक्षण दुरून, त्याला चाहूल लागू न देता करावे. पिसे फुगवून बसणे, एका पायावरचा भार सतत टाळणे, चोचीने पिसे साफ करणे सोडून देणे किंवा उलट एकच जागा टोचत राहणे, असे नेहमीच्या वागण्यातील बदल आरडाओरडीपेक्षा अधिक सांगून जातात. यांतले एखादे लक्षण निव्वळ थंडीमुळे किंवा भीतीमुळेही दिसू शकते, हे मात्र खरे.

लंगडणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांना साधे खाद्य आणि कारप्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेले खाद्य असे दोन पर्याय दिले, तेव्हा त्यांनी निरोगी कोंबड्यांपेक्षा औषधाचे खाद्य जास्त खाल्ले. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. यानंतर पक्ष्यांना वेदना जाणवतात का, हा प्रश्न मला तरी गौण वाटतो.

उपचारांबाबत लेखात एक इशारा हवा होता. माणसाच्या गोळीचा तुकडा पक्ष्याला कधीही देऊ नये. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या माणसांच्याही वापरातील वेदनाशामकाचे अंश मृत जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, तर मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक त्यांच्यासाठी सुरक्षित ठरले. मेलॉक्सिकॅमची मात्राही प्रजातीनुसार बदलते, त्यामुळे ती पशुवैद्यानेच ठरवावी.