होतकरू पुनर्वसन-अधिकाऱ्यांस काही सूचना

मागच्या रविवारी युरोपातल्या रोमा लोकांवरच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून गेलेली ही आपलीच माणसं, पाण्याला अजून 'पानी' म्हणतात, वगैरे ऐकून सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी उठून कोसोवोतल्या मित्रोवित्सा शहराजवळच्या, बेघर रोमांच्या छावण्यांबद्दल विचारलं. सूत्रसंचालिका गोड हसल्या. "तो विषय आजच्या कक्षेत येत नाही हं. चहा बाहेर ठेवलाय."

चहा प्यायलो. आणि पुनर्वसनाच्या क्षेत्रात नाव काढू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी आपणच चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असं ठरवलं. नमुना म्हणून उत्तर कोसोवो घ्या. तिथे सगळं आयतं मिळतं.

सुरुवातीला घाई करू नका. जून 1999 मध्ये नाटोचे बॉम्ब थांबले, संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन आलं, मित्रोवित्सात फ्रेंच सैनिकही आले. इबार नदीकाठचा रोमा महाला, म्हणजे रोमांचा मोहल्ला, वस्ती सुमारे 8,000, तेव्हाच लुटून जाळला गेला. आधी घरं जळू द्यावीत, म्हणजे पुनर्वसन करायला वाव राहतो.

बेघर झालेल्यांच्या छावणीसाठी जागा अशी निवडा की शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही. त्रेप्चा खाणीच्या शिशाच्या कचऱ्याचे डोंगर आहेत, त्यांच्या आसपास चेस्मिन लुग, झित्कोवात्स अशी ठिकाणं उत्तम.

छावणीला 'तात्पुरती' म्हणा. संक्रमण शिबिरातच ज्यांच्या नातवाची मुंज झाली, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

आता मुख्य धडा. तपासणी जरूर करा, वारंवार करा. 2000 साली कोसोवोत संयुक्त राष्ट्रांचे प्रशासक होते बर्नार कुशनेर, पेशाने डॉक्टर. मुलांना आणि गरोदर बायकांना असलेला हा धोका एक दिवसही चालू देणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले आणि ऑगस्टमध्ये सैनिक पाठवून झ्वेचानची शिसं वितळवणारी भट्टी बंद केली. शाब्बास! भट्टीला टाळं लागलं. कचऱ्याचे डोंगर तिथेच, त्यांच्या पायथ्याची माणसं तिथेच. शांतिसैनिकांच्या रक्तातही शिसं वाढलेलं निघालं, त्यातल्या काहींना लगेच हलवलं. रोमांच्या रक्तात सर्वांत जास्त शिसं आहे हे संयुक्त राष्ट्रांच्याच तपासणीत त्याच वर्षी कळलं होतं. अहवाल फायलीत गेला. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा रक्त तपासलं. यंत्र रक्ताच्या डेसिलिटरमागे 65 मायक्रोग्रॅमपर्यंतच मोजायचं आणि काही पोरांचं शिसं त्याच्याही वर होतं, म्हणजे नक्की किती हे सांगायला आकडाच नाही. मुलांना आणि गरोदर बायांना ताबडतोब हलवा, असं संघटनेने बजावलं. ते 'ताबडतोब' 2006 मध्ये उजाडलं. हलवलं कुठे? ऑस्टरोडला! फ्रेंच सैनिकांनी सोडलेल्या तळावर, चेस्मिन लुगपासून हाकेच्या अंतरावर. तोच वारा, तीच धूळ, फक्त खाली काँक्रीट. याला म्हणे शिशाच्या दृष्टीने 'अधिक सुरक्षित'. अधिक! विष जरा बेताने पाजतोय, तर आभार मानायचे? रक्तातलं शिसं काढायचं औषध सुरू केलं आणि 2007 मध्ये बंदही केलं, कारण एकीकडून शिसं काढायचं आणि दुसरीकडून त्याच जागी पोराला खेळायला सोडायचं, हे औषधालाही झेपत नाही. हिरड्या काळ्या पडलेलं, झटके येणारं, शाळेत काही डोक्यात न शिरणारं पोर घेऊन आई दारात बसलेली, आणि हे अधिकारी म्हणणार, हात धुवा.

हो, दोष त्यांच्यावरच टाका. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात ना! वितळवायचेच काही जण. भंगाराशिवाय त्यांना दुसरं काम कोण देणार होतं, तुम्ही?

नुकसानभरपाईचा अर्ज आला तर पाच वर्षं ठेवून घ्या, मग 2011 सारखं कळवा की हा आमच्या प्रशासकीय कामगिरीचा आढावा ठरतो, सबब दावा घेता येत नाही. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाची भीती नको, त्याचा हात संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोचत नाही.

फेब्रुवारी 2016 मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली, 'तुम्ही भारताची लेकरं' म्हणून स्वागत झालं. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या कोसोवोतल्या स्वतःच्याच मानवाधिकार सल्लागार मंडळाने 138 तक्रारदारांच्या बाजूने निकाल दिला: जगण्याच्या हक्काचाही भंग झालाय, माफी मागा, भरपाई द्या. तो निकाल आपल्याकडे किती जणांनी वाचला? लेकरं म्हणे.

पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयातून 'तीव्र खेद' आला आणि एक निधी जाहीर झाला. देणगी ऐच्छिक, पैसा समाजोपयोगी प्रकल्पांसाठी, ज्याच्या रक्तात शिसं गेलं त्याच्या हातात दमडी नाही.

पुरे झाल्या सूचना. लाज वाटायला हवी. जुन्या महाल्यात घरं बांधता येत होती. 2007 पासून काही कुटुंबं तिथे परतलीसुद्धा. तरी शेवटची छावणी बंद व्हायला 2013 उजाडलं. त्या छावण्यांत सुरुवातीला जन्मलेली पोरं आता विशीत आहेत आणि हाडांत मुरलेलं शिसं वय झालं म्हणून निघून जात नाही. संयुक्त राष्ट्रांनो, त्या काळी कोसोवोचा कारभार तुमच्या हातात होता, छावण्या तुमच्या देखरेखीखाली होत्या, अहवाल तुमच्या टेबलावर होते. मग वर्गणी कसली गोळा करता? स्वतःच्या तिजोरीतून द्या, नावानिशी, एकेकाला, आणि औषधपाण्याचा खर्च वेगळा.