येतंय हां, म्हणजेच बीआरबी

‘बीआरबी’ शिकायला कोकणी माणसाला क्लास लावावा लागत नाही. बी राइट बॅक, म्हणजे आलोच. आपल्याकडे निघताना चुकून ‘जातो’ म्हटलं तर आजी उंबऱ्यातच अडवते, ‘येतो म्हण मेल्या!’ मग ‘येतंय हां’ म्हणून चाकरमानी जो गाडीत बसतो तो थेट चतुर्थीला उगवतो. पण तीच थाप इंग्रजीतून मारली की वजन येतं, म्हणून हे थोडं मार्गदर्शन.

आधी मूळ अर्थ विसरा. फिनलंडमध्ये १९८८ साली आयआरसी नावाची गप्पांची सोय निघाली, तेव्हाचा संगणक टेबल सोडून हलत नसे. चहा ओतायला उठलेला माणूस खरोखरच नाहीसा व्हायचा आणि समोरचा पडद्याकडे बघत बसायचा. त्याला ‘आलोच’ कळवणं ही सभ्यता होती. आता फोन आपल्याबरोबर विहिरीवर येतो, माडाच्या मुळात येतो, आणखी कुठे कुठे येतो ते लिहीत नाही. उठून जायचं कारणच उरलं नाही. बीआरबीला खरा भाव आला तो इथून.

आमच्या घरचा ग्रुप बघा. सातबाऱ्यावर एकोणीस नावं, ग्रुपवरही तेवढीच. मे महिन्यात फणसाच्या फोटोखाली अंगठ्यांची रास पडली होती. तेवढ्यात गावच्या काकांनी लिहिलं, ‘मिरगाआधी मागल्या पडवीची कौलं परतायची आहेत, प्रत्येकी बाराशे.’ बोरिवली बीआरबी. ठाणे बीआरबी. डोंबिवलीची दोन्ही बिऱ्हाडं बीआरबी. (माझं आठवं होतं.) दुबईच्या पुतण्याने ‘जीटूजी’ टाकलं, म्हणजे गॉट टू गो, निघायला हवं. काकांनी मला फोन करून विचारलं, ‘थंय अजून टूजीच आसा काय रे?’

एक पथ्य पाळा. बीआरबी टाकल्यावर तासभर तरी स्टेटसला मिसळपाव लावू नका. आणि पावसाळ्यात ते वाया घालवू नका. जून ते सप्टेंबर ‘लाईट गेली’ एवढं पुरतं, बहुतेकदा ते खरंही असतं. मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग अभ्यासायचा असेल तर मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आहेच. २०११ साली ‘आलोच’ म्हणून निघालंय.

जुलैत काकांनी पडवीतल्या तीन बालद्यांचा व्हिडिओ टाकला. त्यावर सगळ्यांनी हात जोडले.

चतुर्थीच्या आदल्या रात्री कुडाळ स्टेशनावर आम्ही सोळा जण उतरलो. पाऊस कोसळत होता. ग्रुपवर लिहिलं, ‘काका, दोन रिक्षा पाठवा, आणि पडवीत अंथरुणं घालून ठेवा.’

दोन्ही टिका लगेच निळ्या झाल्या. उत्तरही लगेच आलं, तीन अक्षरांचं.