प्रतिक्रियेला उत्तर: मॅसॅच्युसेट्स 1839 आणि ‘एका मताचा’ वाद

महोदय,

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या 1839 मधील गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मार्कस मॉर्टन यांनी तेव्हाचे गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट यांना एका मताने हरवले, या माझ्या लेखाविषयी आपण लिहिले आहे, ‘एका मताचा विजय ही थाप आहे, एडवर्ड एव्हरेट 309 मतांनी हरले, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून इतिहास लिहू नये.’ चूक दाखवावी, तो वाचकाचा हक्कच आहे. परंतु अपरिचित माणसावर थापेबाजीचा आरोप करण्याआधी त्याचा लेख शेवटपर्यंत वाचण्याची तसदी घ्यावी, एवढी अपेक्षा मी आपल्याकडून केली तर ती फार ठरू नये.

आपला आकडा बरोबर आहे. मॉर्टन यांना 51,034, एव्हरेट यांना 50,725 आणि इतरांना 307 मते मिळाली. मात्र त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये केवळ आघाडीवर राहून गव्हर्नर होता येत नसे. एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागत. एकूण मते 1,02,066, त्यांचे निम्मे 51,033, आणि मॉर्टन यांच्याकडे त्याहून नेमके एक अधिक! त्यांचे एक मत दुसऱ्या कोणाच्या पारड्यात पडले असते, तर निवड विधिमंडळाकडे गेली असती, आणि तिथे वर्चस्व एव्हरेट यांच्या व्हिग पक्षाचे होते. मग 309 मतांची ही आघाडी मॉर्टन यांच्या काय कामी आली असती, हे आपणच सांगावे.

मी सत्तावीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले आहे आणि अनेक निवडणुकांत मतमोजणीच्या टेबलावर रात्री जागवल्या आहेत. आघाडी आणि बहुमत यांतला फरक मला मोबाइलवरून शिकावा लागलेला नाही. (आपण कोठून शिकलात, हे मी विचारत नाही.)

एक चूक मात्र मान्य करतो. निवडणूक नोव्हेंबर 1839 मधली असताना मी लेखात 1840 हे शपथविधीचे वर्ष लिहिले होते. ते दुरुस्त केले आहे. ‘एका मताने हरवले’ हे शीर्षक सैल आहे असे कोणी सौम्य शब्दांत सुचवले असते, तर कदाचित मी तेही बदलले असते.

पंधरा गॅलनपेक्षा कमी दारूच्या विक्रीवर बंदी घालणाऱ्या 1838 च्या कायद्याला एव्हरेट यांच्या पराभवाचे कारण म्हणून मी अवास्तव महत्त्व दिले, आणि गुलामगिरीविरोधी मतदारांविषयी काहीच लिहिले नाही, हे आपले उरलेले दोन आक्षेप मी वाचले आहेत. त्यांवर येथे लिहीत नाही. पराभवाच्या निकालाला आव्हान देण्याचे स्वतः एव्हरेट यांनी टाळले होते. त्यांच्या वतीने आपण एकशे ऐंशीहून अधिक वर्षांनी ही मोजणी पुन्हा का मांडत आहात, ते मला कळले नाही.

आपला,
लेखक